हौशी बँडचे कार्यक्रम आणि पहिला डेमो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पाच जण पुण्यात नोकऱ्या सांभाळून बँड चालवतो. दोन गिटार, बेस, ड्रम आणि हार्मोनिअम अशी आमची मांडणी आहे. स्वतः रचलेली मराठी गाणी आणि काही अभंग आम्ही वाजवतो. कार्यक्रम संपल्यावर महाविद्यालयातील मुले, मंडळांचे कार्यकर्ते आणि नुकताच बँड काढलेले नोकरदार भेटतात आणि जवळजवळ तेच प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत.

पहिला कार्यक्रम घेण्याआधी किती गाणी तयार असावीत?

नव्या बँडला सहसा पाऊण तास मिळतो. साडेचार मिनिटांची आठ गाणी म्हणजे ३६ मिनिटे झाली आणि उरलेली नऊ मिनिटे बोलण्यात, सूर लावण्यात आणि तुटलेली तार बदलण्यात जातात, म्हणून आठ गाणी पुरेशी आहेत आणि एखादे नववे हाताशी ठेवावे. तयार असण्याची आमची कसोटी अशी आहे की सर्व गाणी ठरलेल्या क्रमाने, उभे राहून, मध्ये न थांबता लागोपाठ दोनदा वाजवता आली पाहिजेत आणि शब्दांसाठी कोणालाही फोनमध्ये पाहावे लागू नये. बसून तालीम करणाऱ्या गिटारवादकाला पट्टा लावून उभे राहिल्यावर स्वतःचाच हात परका वाटतो, आणि हा शोध मंचावर लागणे योग्य नाही.

प्रत्येक तालमीचे फोनवर ध्वनिमुद्रण करावे. फोन ड्रमजवळ न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला, श्रोता जेथे बसेल तेथे ठेवावा. वाजवताना आपण स्वतःचे वाद्य ऐकत असतो, तर ध्वनिमुद्रणात इतर चौघे ऐकू येतात.

तालीम घरी करावी की जॅम रूम भाड्याने घ्यावी?

नव्या गाण्याची बांधणी घरी कमी आवाजात करावी आणि कार्यक्रमापूर्वीच्या शेवटच्या तीन-चार तालमी जॅम रूममध्ये पूर्ण आवाजात कराव्यात. घरच्या तालमीत ड्रमऐवजी कहोन (हाताने वाजवायची लाकडी पेटी) किंवा सरावाचे पॅड वापरता येतात. भिंतींना अंड्यांचे ट्रे किंवा पातळ फोम लावल्याने शेजाऱ्यांना होणारा त्रास कमी होत नाही; त्याने खोलीतील वरच्या स्वरांचा घुमारा तेवढा घटतो. आवाज बाहेर जाऊ न देण्याचे काम जड भिंत, घट्ट बसणारे दार आणि बंद फटी करतात, आणि बेस किंवा किक ड्रम यांचा आवाज तर इमारतीच्या सांगाड्यातून प्रवास करतो. सोसायटीतील लोकांना आधी भेटून वेळ ठरवून घेतली तर बहुतेक जण समजून घेतात, असा आमचा अनुभव आहे.

सुरुवातीचे कार्यक्रम कोठे मिळतात?

महाविद्यालयाचे गॅदरिंग, कॅफेमधील ओपन माइक, सोसायटीची कोजागिरी आणि परिसरातील गणेश मंडळ ही पुण्या-मुंबईतील हौशी बँडची खरी पहिली ठिकाणे आहेत. ओपन माइकला दोन-तीन गाण्यांपुरतीच वेळ मिळते, परंतु तेथील श्रोते केवळ ऐकायला आलेले असतात. गणेश मंडळापुढे समोरच्या सतरंजीवर लहान मुले, मागे आजी-आजोबा आणि कडेला मोटारसायकलवर टेकलेले तरुण असा श्रोतृवर्ग असतो. सार्वजनिक गणेशोत्सवाच्या आरंभीच्या काळापासून हौशी मंडळींचे मेळे याच जागी गात आले आहेत आणि पुढे ऑर्केस्ट्रा आले, बँजो पार्ट्या आल्या; तेथे बँडने स्वतःला परका समजण्याचे काही कारण नाही. मात्र तिथल्या श्रोत्यांना पहिली दहा मिनिटे अनोळखी गाणी ऐकवू नयेत. आम्ही एखाद्या परिचित अभंगाने सुरुवात करतो आणि तिसऱ्या गाण्यापासून आपले आणतो.

दिवाळी पहाट हा वेगळा प्रकार आहे. पहाटे साडेपाचला गळा तयार असावा लागतो, वाद्ये थंडीत उतरलेली असतात, आणि श्रोते अत्यंत जाणकार असतात. वर्षभर मंचावर वाजवल्याशिवाय ती सुपारी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इतरांची गाणी वाजवायला परवानगी लागते का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचे उत्तर प्रसंगानुसार बदलते. कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत. हौशी मंडळाने किंवा संस्थेने पैसे न मोजलेल्या श्रोत्यांसमोर, अथवा एखाद्या धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेले सादरीकरण हक्कभंग मानले जात नाही. त्याचप्रमाणे प्रामाणिकपणे होणारे धार्मिक विधी, तसेच लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित इतर सोहळे यांनाही सवलत आहे. तिकीट लावलेला कार्यक्रम, कॅफे किंवा हॉटेलमधील सादरीकरण या सवलतीत बसत नाही आणि तेथे परवाना लागतो. गीतकार व संगीतकारांच्या वतीने असे परवाने देणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली. परवाना सहसा आयोजक किंवा जागेचा मालक काढतो, परंतु तो काढला आहे का, हे बँडने आधी विचारून घ्यावे. ज्यांच्या गाण्यावर आपण टाळ्या घेतो त्यांना त्यांचा वाटा मिळाला की नाही, याची चौकशी करणे हे आपलेही काम आहे.

अभंगांबद्दल बराच गैरसमज आढळतो. तुकोबांचे किंवा जनाबाईंचे शब्द सर्वांचे आहेत, त्यावर आज कोणाचाही हक्क नाही. परंतु ज्या चालीत तो अभंग आपण लहानपणापासून ऐकला, ती चाल अनेकदा विसाव्या शतकातील एखाद्या संगीतकाराने बांधलेली असते, आणि भारतात अशा रचनेवरील हक्क रचनाकाराच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणून अभंग ध्वनिमुद्रित करायचा असेल तर वारकरी परंपरेतून आलेली चाल घ्यावी, अन्यथा स्वतः चाल बांधावी. आम्ही दुसरा मार्ग धरला आणि त्या निमित्ताने अभंगाच्या साडेतीन चरणांची रचना पहिल्यांदा नीट समजून घेतली.

मग दुसऱ्याचे गाणे डेमोत घेता येईल का?

मंचावर गाणे आणि त्याचे ध्वनिमुद्रण काढणे हे कायद्याच्या दृष्टीने वेगळे व्यवहार आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३१सी प्रमाणे मूळ ध्वनिमुद्रण झालेले वर्ष संपल्यानंतर पाच वर्षे उलटली की आगाऊ सूचना देऊन आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) भरून गाण्याची नवी आवृत्ती काढता येते. पण त्यासाठी वर्षाला किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वधन भरावे लागते आणि मूळ रचनेत मनाजोगे बदल करता येत नाहीत. हौशी बँडला हे परवडणारे नाही. डेमोत, म्हणजे आयोजकांना ऐकवायच्या नमुना मुद्रणात, आपलीच गाणी घ्यावीत, हा सल्ला मी केवळ कायद्यासाठी देत नाही. दुसऱ्याचे गाणे ऐकताना आयोजक नकळत मूळ गायकाशी तुलना करतो आणि त्यात आपला बँड कसा आहे हे बाजूलाच राहते.

रात्री दहाचा नियम नेमका काय आहे?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा मध्यरात्री १२ पर्यंत वाढवू शकते. बंद सभागृहातील सादरीकरणाला वेळेची ही बंदी लागू होत नाही, मात्र आवाज बाहेर जाता कामा नये. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्या भोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर राज्य सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते.

बँडच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की ध्वनिक्षेपकाची परवानगी मंडळाने पोलीस ठाण्यातून घेतली आहे का, ते विचारावे आणि शेवटचे गाणे पावणेदहाला संपेल असा क्रम लावावा. भाषणे, सत्कार आणि आरती यांमुळे आठचा कार्यक्रम नऊला सुरू होतो, हे गृहीत धरून आम्ही नेहमी आठ गाण्यांतील कोणती तीन गाळायची हे आधीच ठरवून ठेवतो.

साउंड-चेकमध्ये काय करावे? साउंडवाल्यांना काय सांगावे?

सांगण्याचे काम आदल्या दिवशीच संपले पाहिजे. एका कागदावर मंचाचा नकाशा काढून कोण कोठे उभे राहणार ते दाखवावे आणि खाली चॅनेलची यादी द्यावी. आमची यादी ११ चॅनेलची आहे : किक, स्नेअर, ड्रमच्या वरचे दोन माइक, डीआय बॉक्समधून (वाद्य थेट मिक्सरला जोडणाऱ्या डबीतून) बेस, दोन गिटार, हार्मोनिअम आणि तीन गळे. हा कागद फोनवरून पाठवला की साउंडवाले त्याप्रमाणे वायरी आणि स्टँड घेऊन येतात. तो न पाठवता मंचावर पोहोचल्यास पहिला अर्धा तास केवळ वायर शोधण्यात जातो.

प्रत्यक्ष तपासणीत एका वेळी एकच वाद्य वाजावे. किकपासून सुरुवात करून ड्रम, बेस, गिटार, हार्मोनिअम आणि शेवटी गळे असा क्रम ठेवावा. आपल्या वाद्याची पाळी नसताना गिटारवर तुकडे वाजवत राहणे ही हौशी बँडची सर्वांत त्रासदायक सवय आहे, आणि ती पहिल्या तालमीपासूनच मोडून काढावी. सर्व वाद्ये झाल्यावर सर्वांत मोठ्या आवाजाचे गाणे निम्मे वाजवून पाहावे.

मॉनिटरमध्ये, म्हणजे वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, प्रत्येकाला सगळे काही हवे असते, आणि तेथेच आवाज फुगतो. गायकाला स्वतःचा गळा व हार्मोनिअम, बेसवादकाला किक, ड्रमरला बेस आणि गळा, इतके पुरते. शुअर एसएम५८ सारखा माइक मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर त्याच्या शेपटीच्या दिशेला ठेवतात. गायकाने जाळी मुठीत धरली की माइकची ही दिशा बिघडते आणि शिट्टी सुरू होते. अशा वेळी साउंडवाल्यांना दोष देणे बरोबर नाही. त्यांचे नाव विचारावे, त्यांना दादा म्हणून हाक मारावी, चहा आपल्याबरोबर द्यावा, आणि कार्यक्रम संपल्यावर माइकवरून त्यांचे आभार मानावेत. ते दिवसभर उन्हात स्पीकर चढवत असतात.

माइकला ओठ लागताच झटका बसतो. असे का होते?

या प्रश्नाकडे कोणीही दुर्लक्ष करू नये, कारण यात जीव जाऊ शकतो. गिटारवादकाची बोटे तारांवर असतात आणि तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. माइकची जाळी मिक्सरच्या अर्थिंगला जोडलेली असते. मंडपात दोन्हींचा वीजपुरवठा वेगवेगळ्या घरांतून किंवा एकाचा जनरेटरवरून घेतलेला असेल आणि त्यांतील एका ठिकाणचे अर्थिंग तुटलेले असेल, तर वाजवत गाणाऱ्या माणसाच्या शरीरातून वीज वाहते. पावसाळ्यात ओल्या फळ्यांवर अनवाणी उभे राहणाऱ्याला धोका अधिक असतो.

उपाय साधे आहेत. मंचावरील सर्व वाद्ये आणि मिक्सर यांना एकाच ठिकाणाहून वीज घ्यावी. तीन पिनांचा सॉकेट तपासणारा छोटा टेस्टर गिटारच्या पिशवीत कायम ठेवावा आणि आपला प्लग लावण्याआधी सॉकेट तपासावा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारी कळ) लावलेला बोर्ड बँडने स्वतः विकत घ्यावा. स्पीकरमधील गुरगुर घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कधीही कापू नये. त्यासाठी डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचे (आवाजाच्या वायरीतील अर्थिंग सोडवण्याचे) बटण असते. माइकला फोमची टोपी घालून वेळ मारून नेणे हा उपाय नव्हे.

एका मंडपात आमच्या गायकाला पहिल्याच ओळीला झटका बसला. आम्ही वाद्ये खाली ठेवली आणि वायरमन येऊन अर्थिंग नीट करेपर्यंत चाळीस मिनिटे वाजवले नाही. कार्यकर्ते आधी नाराज झाले, परंतु कारण समजल्यावर त्यांच्यापैकीच दोघे जण वायरमनला शोधायला धावले आणि श्रोतेही थांबले.

मानधन किती मागावे?

आकडा ठिकाणानुसार बदलतो, म्हणून आम्ही आधी खर्चाचा हिशेब करतो. तालमीच्या खोलीचे भाडे, ड्रम नेण्याचा टेम्पो, जेवण आणि तारा-काठ्यांचा खर्च यांची बेरीज ही मानधनाची किमान रेषा असते. स्वतःच्या सोसायटीत किंवा एखाद्या चांगल्या कामासाठी विनामूल्य वाजवणे आनंदाचे आहे. मात्र ज्या आयोजकाने मंडप, दिवे आणि जेवणावळीला पैसे दिले आहेत, त्याने केवळ वाजवणाऱ्यांना प्रसिद्धीचे आश्वासन द्यावे, हे मला मान्य नाही. सुपारी घेताना तारीख, वेळ, रक्कम, आगाऊ किती आणि साउंड कोणाचा, एवढे तरी लेखी संदेशात घ्यावे. आलेल्या रकमेतून एक वाटा बँडच्या सामाईक खात्यात ठेवून उरलेले पाच समान भाग करावेत. कोणाचे गाणे जास्त गाजले यावर वाटणी करू लागलेले बँड टिकलेले मी पाहिलेले नाहीत.

मंचावर चूक झाली तर?

ड्रम आणि बेस थांबले नाहीत, तर बहुतेक चुका श्रोत्यांपर्यंत पोहोचत नाहीत. गायक कडवे चुकला तर सर्वांनी गायकाच्या मागे जायचे, हा नियम आधीच ठरवून ठेवावा.

डेमो कधी करावा आणि त्यात किती गाणी असावीत?

जे गाणे मंचावर किमान दहा वेळा वाजले आहे, तेच डेमोत घ्यावे. तालमीच्या खोलीत उत्तम वाटलेले आमचे एक गाणे कार्यक्रमात दर वेळी दुसऱ्या कडव्याशी रेंगाळत असे, कारण तेथे आठ मात्रांचा तुकडा जास्त होता. श्रोत्यांच्या चुळबुळीने तो दाखवून दिला, आम्ही तो काढला, आणि त्यानंतरच ते गाणे मुद्रित केले. उलट क्रमाने गेलेले अनेक मित्र मला ठाऊक आहेत : आधी साठवलेले सगळे पैसे स्टुडिओत घातले, मग मंचावर गाणी बदलली, आणि हातात असलेला डेमो त्यांचा राहिला नाही. डेमो ऐकून आयोजक तारीख देतो, म्हणून त्यात ऐकू येणारे प्रत्यक्ष मंचावर ऐकू आले पाहिजे. पाच जणांच्या बँडने डेमोत व्हायोलिनचा ताफा भरू नये.

गाणी तीन पुरेत. एक वेगाचे, एक संथ आणि एक असे की जे तुमच्याशिवाय कोणी केले नसते. ऐकणारा पहिल्या अर्ध्या मिनिटात मत बनवतो, तेव्हा पहिल्या गाण्याला दीड मिनिटाची प्रस्तावना नसावी.

ध्वनिमुद्रण घरी करावे की स्टुडिओत?

ड्रमला स्टुडिओ लागतो, बाकीचे बरेचसे घरी होते. चांगली खोली, अनेक माइक आणि त्यांना पुरतील इतके प्रीअँप्स (माइकचा क्षीण आवाज वाढवणारी उपकरणे) ही गरज ड्रमचीच आहे. बेस आणि हार्मोनिअम, गिटार आणि गळे हे दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस (माइक व वाद्ये संगणकाला जोडणारे उपकरण), एक एसएम५७ माइक आणि ४८ व्होल्टवर चालणारा एक कंडेन्सर माइक यांवर व्यवस्थित मुद्रित होतात. रीपर हे सॉफ्टवेअर ६० दिवस विनामूल्य वापरून पाहता येते आणि मॅक असल्यास गॅरेजबँड आधीपासूनच असते. गादी, रजाई आणि कपड्यांनी भरलेले उघडे कपाट असलेली झोपण्याची खोली गळ्यासाठी उत्तम ठरते. पंखा बंद करावा, फ्रिज बंद करावा, आणि कुकरच्या शिट्ट्यांची वेळ टाळावी.

मुद्रण २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर करावे. या दर्जाचा एक ट्रॅक, म्हणजे एका माइकचे वेगळे मुद्रण, मिनिटाला ८.६४ एमबी जागा घेतो. ११ ट्रॅकचे साडेचार मिनिटांचे गाणे एका टेकला (एकदा सलग वाजवण्याला) सुमारे ४३० एमबी होते, म्हणजे पाच टेकला दोन जीबीपेक्षा थोडे अधिक. आवाजाची पातळी लाल रेषेच्या जवळ नेण्याची गरज नाही. २४ बिटमध्ये शिखरे उणे १० डेसिबलच्या आसपास राहिली तरी काही बिघडत नाही, फाटलेला आवाज मात्र नंतर दुरुस्त होत नाही.

स्टुडिओत तासावर पैसे जातात, म्हणून ड्रमची कातडी आणि गिटारच्या तारा आदल्या दिवशी बदलून ताणून घ्याव्यात. नव्या तारा ताज्या लावल्या तर पहिला तास त्या उतरतच राहतात.

सर्वांनी एकत्र वाजवावे की एकेक ट्रॅक वेगळा घ्यावा? क्लिक वापरावी का?

आमची सर्वांत मोठी चूक येथे झाली, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पहिल्या डेमोत आम्ही एक अभंग घेतला होता. स्टुडिओत सगळेच क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या एकसारख्या ठोक्यांवर, वाजवतात असे ऐकून आम्ही क्लिक मिनिटाला ८८ ठोक्यांवर लावली, आधी ड्रम, मग बेस, मग गिटार, हार्मोनिअम आणि शेवटी गळा असे तीन रविवारांत ट्रॅक घेतले. एकही चूक नव्हती. तरीही ते ऐकताना आमच्यापैकी कोणालाच पुन्हा लावावेसे वाटले नाही. कारण शोधायला आम्ही एका कार्यक्रमाचे फोनवरचे मुद्रण काढले आणि ठोके मोजले. मंचावर तोच अभंग ८४ वर सुरू होत होता, तिसऱ्या चरणाला ९२ वर पोहोचत होता आणि शेवटच्या विठ्ठलनामाच्या गजरात ११२ वर गेला होता. भजनी ठेक्याची लय अशीच चढत जाते; दिंडीत टाळकरी एकमेकांकडे पाहत ती चढवतात, आणि त्या चढण्यातच अभंगाचा शेवट साधतो. आम्ही एकेकटे बसून, कानात एकसारखी टकटक ऐकत, नेमके तेच काढून टाकले होते.

मग आम्ही मोठी खोली असलेला स्टुडिओ एका दिवसासाठी घेतला, गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर शेजारच्या खोलीत ठेवले आणि एकमेकांना पाहता येईल अशा अर्धवर्तुळात क्लिकशिवाय एकत्र वाजवले. तिसरा टेक ठेवला. त्यावर मुख्य गळा आणि टाळ तेवढे नंतर वेगळे घेतले. एका ठिकाणी बेस किंचित मागे आहे आणि तो तसाच राहू दिला.

याउलट आमच्या सरळ चार मात्रांच्या वेगवान गाण्यांना क्लिकचा लाभ झाला, कारण उत्साहात ती पळत असत. त्यामुळे गाण्याची लय स्थिर आहे की चढती, हे आधी स्वतःच्या थेट मुद्रणावरून मोजावे आणि मग ठरवावे. चढत्या लयीची क्लिकही सॉफ्टवेअरमध्ये आखता येते, परंतु पाच जणांनी एकमेकांकडे पाहून चढवलेली लय तिच्यात येत नाही, असे माझे मत आहे.

हार्मोनिअम, ढोलकी आणि टाळ गिटारबरोबर कसे बसवावेत?

पट्टी गायकाच्या गळ्याप्रमाणे ठरते, गिटारच्या सोयीप्रमाणे नाही. गायक काळी एकमध्ये गात असेल तर गिटारवर पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून सी स्केलचे आकार वापरता येतात. हार्मोनिअम जागेवर सुरात लावता येत नाही, आणि जुन्या पेट्या ४४० हर्ट्झच्या मानकापासून थोड्या दूर असू शकतात. म्हणून ट्यूनर बाजूला ठेवून गिटार व बेस पेटीशी जुळवावेत, आणि ढोलकी किंवा तबलाही त्याच षड्जाला लावावा.

ढोलकीच्या दोन्ही तोंडांना माइक लावल्यास एका माइकची ध्रुवता (आवाजाच्या लहरीची दिशा) उलटी करून ऐकावे आणि ज्या स्थितीत घुमारा भरीव वाटेल ती ठेवावी. टाळ इतर प्रत्येक माइकमध्ये शिरतात, त्यामुळे ते शेवटी वेगळे घ्यावेत आणि माइक तीन-चार फूट दूर ठेवावा.

मिक्सिंग आणि मास्टरिंग कोणी करावे?

मिक्सिंग, म्हणजे सगळ्या ट्रॅकचे आवाज जुळवणे, एकाच माणसाने करावे आणि शक्यतो तो बँडमधला नसावा, कारण आपल्यापैकी प्रत्येकाला स्वतःचे वाद्य मागे पडल्यासारखे वाटते. सूचना पाचही जणांच्या एकत्र करून दोनदाच द्याव्यात. मिक्स फोनच्या स्पीकरवर आणि गाडीत ऐकून पाहावे; बेस फोनवर अजिबात ऐकू येत नसेल तर त्याचे मधले स्वर थोडे वर आणावे लागतात. मास्टरिंगमध्ये, म्हणजे तयार मिक्सवरच्या शेवटच्या हातात, फार मोठा आवाज करून घेण्याचा आग्रह धरू नये. स्पॉटिफाय सर्व गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याच्या एककाच्या) पातळीला आणते, त्यामुळे चेपून मोठे केलेले गाणे तेथे पुन्हा खाली येते आणि केवळ चेपलेपण उरते.

गाणे कोणाच्या नावावर लावावे?

हे मुद्रणाच्या आधी ठरवावे आणि लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि वाद्यरचना कोणाची, हे तीन प्रश्न वेगळे आहेत. कायद्याने शब्दांवर गीतकाराचा आणि चालीवर संगीतकाराचा हक्क रचनेबरोबरच निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र वेगळा असतो आणि तो खर्च करणाऱ्या निर्मात्याकडे जातो. आम्ही मुद्रणाचा खर्च सामाईक खात्यातून करतो, म्हणून मुद्रण पाचही जणांचे, असे आमच्या कागदावर लिहिले आहे. गाणे ऑनलाइन प्रसिद्ध करताना प्रत्येक मुद्रणाला आयएसआरसी हा १२ वर्णांचा क्रमांक मिळतो. वितरण करणारी सेवा तो सहसा स्वतःच देते. तो जपून ठेवावा, कारण गाणे दुसऱ्या सेवेकडे नेताना तोच क्रमांक द्यावा लागतो.

डेमो कसा पाठवावा?

ऐकता येईल अशी एक लिंक, मंचावरील एका संपूर्ण गाण्याचा न कापलेला व्हिडिओ, चॅनेलची यादी आणि तीन ओळींची ओळख, इतकेच पाठवावे. मोठ्या फाइली जोडू नयेत. उत्तर न आल्यास पंधरा दिवसांनी एकदा नम्रपणे आठवण करावी. परदेशातील महाराष्ट्र मंडळांना लिहिताना गुढीपाडवा किंवा गणेशोत्सवाच्या बरेच महिने आधी लिहावे, कारण त्यांच्या कार्यक्रमांची आखणी फार आधी झालेली असते.

मुद्रणाच्या मूळ फाइली किती काळ ठेवाव्यात?

कायमच्या. केवळ तयार गाणे न ठेवता प्रत्येक ट्रॅक आरंभापासून शेवटपर्यंत वेव्ह स्वरूपात काढून ठेवावा, म्हणजे सॉफ्टवेअर बदलले तरी तो उघडेल. फाइलीच्या नावात गाणे, वाद्य, पट्टी, लय आणि तारीख असावी. आमच्या एका डिस्कने अचानक काम थांबवले आणि पहिल्या डेमोचे ढोलकीचे सर्व ट्रॅक गेले. त्या वादकाने तोपर्यंत पुणे सोडले होते. आता एक प्रत ड्रमरच्या घरी आणि दुसरी हार्मोनिअमवादकाच्या घरी असते. दसऱ्याला वाद्यांची पूजा करायला आम्ही जमतो, त्याच सकाळी दोन्ही डिस्क लॅपटॉपला जोडतो आणि प्रत्येक गाण्याचा एक ट्रॅक उघडून ऐकतो.